विनिफ्रेडच्या सॉव्हरिनचं कडं

विनिफ्रेडने गळ्यातलं नाणं माझ्या सोनारकामाच्या बाकावर ठेवलं. "हॉरेस, याच्याभोवतीचं कडं काढून दे. कडं असलं की नाणेवाला भाव पाडतो."

पुढच्या महिन्यात ती ॲडलेडला, बहिणीकडे कायमची चालली होती. बर्मिंगहॅममध्ये मला नावाने हाक मारणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

ते कडं मीच बसवलं होतं, १९१५ साली. लढाईसाठी सरकार सॉव्हरिन, म्हणजे सोन्याची नाणी, गोळा करून कागदी नोटा देत होतं. सोनं दाबून ठेवणाऱ्याकडे लोक वाकड्या नजरेने बघत. हे नाणं तिचं लग्न ठरलेल्या सिरिलने फ्रान्सला लढायला जाताना तिला दिलेलं. कड्यात बसवलं की तो दागिना होतो, म्हणून ती माझ्याकडे आली. सिरिल परत आला नाही. मला लंगड्या पायामुळे सैन्याने घेतलंच नव्हतं. कडं बसवण्याआधी मी नाण्याच्या काठावर सुईने बारीकसा 'एच' कोरला. तिच्या गळ्यात माझंही काही असावं, एवढंच.

मी करवत चालवली, कडं निघालं. नाण्यावरचा घोडा, वरचा सेंट जॉर्ज, खालचा ड्रॅगन, सगळे गुळगुळीत झाले होते. दाराची पितळी मूठ घासायची त्याच पॉलिशने ती दर शनिवारी नाणंही घासायची. कड्याआडचा काठ मात्र कोरा करकरीत.

तिने भिंग उचललं. "हा एच कसला रे?"

"टांकसाळीचं अक्षर असतं ते."

"मला शिकवतोस? लढाईभर बँकेत हीच नाणी मोजली मी. सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी. तेही घोड्याखाली, सालाच्या वर. काठावर खरडायला टांकसाळीत तुझ्यासारखी गाढवं नसतात."

"चहा टाकू?"

"चहा नको. लढाई संपल्यावर का नाही बोललास?"

"तू सिरिलसाठी काळे कपडे घालत होतीस."

"वीस साली नव्हते घालत."

ते मला माहीत होतं. धीर झाला नाही, दुसरं काही नाही.

तिने नाणं रुमालात बांधलं. "ओरखडलेलं कोण घेणार आता? राहू दे माझ्याकडेच."

"मग जाऊ नकोस ना."

"तिकीट काढून झालंय, हॉरेस." ती उठली. "कडं ठेव तुला."

ती गेल्यावर मी कड्याचा काप डाख देऊन सांधला. दोन मिनिटांचं काम. आत बसवायला काही नव्हतं.