तासाचा मान

गंगुबाईंनी माइकला हात जोडले, तेव्हा संचितानं हसू दाबत त्यांचे हात अलगद खाली घेतले. दिवा स्टेशनजवळच्या या दोन खोल्यांच्या रेडिओ केंद्रावर ‘नळ आला का?’ हा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला होता. आजच्या तासाचा मान होता मोरेश्वर बिल्डिंगचा.

मान म्हणजे अगदी गणपतीतल्या आरतीसारखा. जाहिराती घ्यायच्याच नाहीत, हे संचितानं सुरुवातीलाच ठरवलं होतं. टँकरवाल्यांपासून क्लासवाल्यांपर्यंत सगळ्यांना तिनं चहा पाजून परत पाठवलं होतं. त्याऐवजी रोज एक बिल्डिंग वर्गणी काढायची, त्यावर तो तास चालायचा आणि तिथलं सगळ्यांत वयस्कर माणूस नटूनथटून माइकसमोर बसायचं. आधी मान कुणाचा, यावरून जिन्याजिन्यांत भांडणं होत. संचिताला त्या भांडणांचाही अभिमान वाटे.

गंगुबाई नवी जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या. त्यांचा मुलगा संदेश बिल्डिंगचा सेक्रेटरी. वर्गणी त्यानंच घरोघरी फिरून गोळा केली होती.

पहिलाच फोन आला.

“ताई, मी शालू. आमच्या चाळीत पाणीच येत नाय. नळ सोडला की नुसती हवा. पुढची बिल्डिंग डायरेक्ट पाइपाला मोटर लावते ना!”

“कुठली बिल्डिंग?” संचितानं सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“मोरेश्वर. आज ज्यांचा मान आहे, तेच.”

संचिताचा हात फोनच्या बटणाकडे गेला. लाइन खराब होती म्हटलं की मिटलं. नाहीतर मोरेश्वरवाले बिथरणार, आणि स्वतःच्या वर्गणीनं स्वतःची अब्रू काढून घ्यायला दुसरी कुठली बिल्डिंग येणार होती? कार्यक्रम बंदच पडायचा. पण पैसे देणाऱ्यासाठी बटण दाबायचंच होतं, तर जाहिरात घेऊन आलेल्या त्या टँकरवाल्यानं काय घोडं मारलं होतं?

तिच्या मनगटावर गंगुबाईंचा हात पडला.

“बोलू दे तिला, बाय.”

शालू पोटभर बोलली. मग गंगुबाईंनी माइक जवळ ओढला.

“शालू, मोटर आहे गो. माझ्याच पोरानं बसवलीय. आमची टाकी भरते म्हणून मीपण गप बसलेली. आज एवढा मान देऊन बसवलंय, तर खोटं कशाला बोलू? काढायला लावते. नाय काढली तर उद्या परत फोन कर.”

संचितानं पुढचा फोन घेतला. मग फोन वाजतच राहिले.

कार्यक्रम संपवून ती गंगुबाईंना घेऊन खाली उतरली. समोर संदेश स्कूटर घेऊन उभा होता. तोंड पडलेलं.

“दादा, आजींना काही बोलू नका हं,” संचिता घाईघाईनं पुढे होत म्हणाली.

संदेश थेट आईकडे वळला.

“आई, सगळ्यांसमोर माझंच नाव घ्यायचं होतं?”

“मग काय शेजाऱ्याचं घेऊ?”

त्यानं आईला बसवायला हात पुढे केला. मनगटापर्यंत ग्रीसनं काळा झालेला हात. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी, गोणपाटात अर्धवट गुंडाळलेली मोटर होती. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

गंगुबाईंनी वाकून मोटर बघितली. मग त्यांनी साडी आवरली.

“हात पूस आधी,” त्या म्हणाल्या. “आणि ते गोणपाट काढ. गाडी शालूच्या चाळीवरनं घे.”