दयेचा डाग

आमच्या पिकार्डी प्रांतातल्या गवंड्यांनी चर्चला माणसाचं सगळं अंग देऊन टाकलंय. खांबांना डोकी आहेत, छताला बरगड्या आहेत, पावसाचं पाणी ओकणाऱ्या दगडी पन्हाळ्यांना तर ते घसाच म्हणतात. लोक उभे राहतात त्या मधल्या लांबलचक भागाला नाव म्हणतात, पाण्यातली नाव. पण या पठ्ठ्यांना गुडघे काही सुचले नाहीत. गुडघे माणसाचे, आणि उभं राहून राहून ते झिजतात. म्हणून मी, सुतार कोलार, दया बनवतो.

दया म्हणजे एक छोटी फळी. मठातले बंधू आपापल्या आसनापुढे तासन्‌तास उभं राहून स्तोत्रं गातात. आसनाची बैठक वर उचलली की तिच्या खालच्या अंगाला वीतभर फळी पुढे येते. तिच्यावर हळूच बूड टेकायचं. पांढऱ्या झग्याआड काही दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, माणूस उभाच आहे.

बंधू एव्हरार यांना मात्र दया नको होती. वय सत्तरीच्या पुढे, पण मठात सूर धरायचे तेच. त्या उन्हाळ्यात ते गाता गाता दोनदा कोसळले. मठाधिपती फादर रेनिए यांनी स्पष्टच सांगितलं, तिसऱ्यांदा पडलात तर कायमचे आजाऱ्यांच्या खोलीत. तिथे गाणं ऐकूसुद्धा येत नाही.

"बंधू, टेकून तर बघा," मी म्हणालो. "तुमच्या उंचीला बेतून केलीय."

त्यांनी वाकून फळीखालचं कोरीवकाम पाहिलं. "हे काय, बेडूक?"

"गाणारा बेडूक."

"मेल्या, मी असा दिसतो?"

"तुमचं तोंड थोडं मोठं आहे."

ते हसले नाहीत. "पन्नास वर्षं स्वतःच्या पायांवर उभा आहे मी. आणि फादर काय म्हणाले ते ऐकलंस ना? धडधाकटांनी तिला शिवायचं नाही. म्हणजे मी टेकलो की मोडीत निघालो."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

असा संताप आला मला! आठ महिने खपून ओकचं लाकूड कोरलं, ते काय या हट्टी म्हाताऱ्याला पडताना बघायला?

सगळ्या संतांच्या सणाला आसनं तयार हवीत म्हणून फादरांनी घाई लावली होती. आदल्या दिवशी मी सगळ्या दयांना अक्रोडाच्या तेलाचा शेवटचा हात दिला. हेमंतातल्या दमट हवेत ते वाळायला पंधरा दिवस लागतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. चूक माझीच.

सणाच्या सकाळी मी नावेत खांबाला टेकून उभा होतो. माझं लक्ष फक्त एव्हरारांच्या गुडघ्यांकडे. ते डुलत होते, आसनाचा हात घट्ट धरत होते, पण सूर सोडत नव्हते. कसेबसे शेवटपर्यंत टिकले. मग सगळे बंधू रांगेने आमच्यामधून बाहेर निघाले, फादर पुढे, एव्हरार सगळ्यांत मागे.

"अगं बाई!" शेजारची भटारीण पेरोन पुटपुटली. "हे सगळे बसले कशात होते?"

एव्हरार सोडून प्रत्येकाच्या पांढऱ्या झग्यावर मागे, नेमका बुडापाशी, तळहाताएवढा तपकिरी डाग. तिशीतल्यांच्या, चाळिशीतल्यांच्या, सगळ्यांच्या. आणि सगळ्यांत मोठा डाग फादरांचा. आता आपली उचलबांगडी होणार, असं मनाशी म्हणत मी घाम पुसला.

तेवढ्यात एव्हरार थांबले. त्यांनी खांब धरला, खांदे हलायला लागले. पडले, तिसऱ्यांदा पडले! मी धावलो.

ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"सगळे? तो पंचविशीतला जाकमार पण? काल मला म्हणाला, बंधू, तुमच्याकडे बघून मी ताठ उभा राहतो. अरे, मी त्याच्याकडे बघून उभा होतो!"

हसणं ऐकून फादर मागे वळले. लोकांच्या नजरा कुठे आहेत ते पाहून त्यांनी मान वाकडी करून आपला झगा बघितला. कान लाल झाले.

"कोलार, हा डाग जातो का?"

"अक्रोडाचं तेल आहे, फादर. नाही जात."

त्यांनी एव्हरारांच्या कोऱ्या झग्याकडे पाहिलं. "मग असू दे," म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी मी फडकं घेऊन एकेक दया पुसत होतो. एव्हरार आले आणि आपली बैठक त्यांनी स्वतःच वर उचलली.

"माझी पुसू नकोस."

"डाग पडेल, बंधू."

"पडू दे की. एवढ्या डागाळलेल्या मंडळींत मी एकटाच पांढरा कशाला?"

संध्याकाळची प्रार्थना त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत गायली. आवाज एकदाही हलला नाही. बाहेर पडताना ते माझ्यापाशी आले आणि मुद्दाम पाठ फिरवून उभे राहिले, मला नीट दिसावं म्हणून.