कॅसेटवर नसलेला शेवट

ताईच्या दाराला चांगली वाजणारी बेल आहे. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करून पोट भरतो, म्हणजे बटण कसं दाबायचं हे त्याला कुणी शिकवायला नको. तरी हा बाबा आयुष्यभर दारावर तीनदा टकटकच करत आलाय. त्या दिवशीही केली आणि दार उघडताच ताईच्या नाकासमोर दोन तिकिटं नाचवली.

"ताई, आपला पिक्चर! मोठ्या पडद्यावर! दुपारचा शो आहे, घाल चपला."

ताईने चपला शोधायला मुद्दाम वेळ लावला.

त्याचं असं होतं. लहानपणी घरात पिक्चरची एकच कॅसेट होती, मामाने दिलेली. अंतराळयानात एकटी राहिलेली मुलगी आणि तिला सांभाळणारा गंजका रोबो. मामाने देण्याआधी शेवटच्या भागावर स्वतःच्या लग्नाचं शूटिंग चढवून ठेवलं होतं. त्यामुळे मुलगी छोट्या यानात बसून घरी निघायची, रोबो मागे राहायचा, दार लागायचं, आणि लगेच मामा हार घालून शिंकताना दिसायचा. छोट्या (आज त्याचं पोट त्याच्या आधी लिफ्टमध्ये शिरतं, पण घरात तो छोट्याच) रडून घर डोक्यावर घ्यायचा. "रोबोचं काय झालं?"

शेवटी ताईने ठोकून दिलं, की मैत्रिणीकडे तिने अख्खा पिक्चर पाहिलाय. रोबो तारे तुडवत चालत घरी येतो. बोटं जाड, बेल दाबता येत नाही, म्हणून दारावर तीनदा टकटक करतो. मुलगी दार उघडते. छोट्या डोळे पुसून झोपला.

पुढे ताई कवळ्या बनवायला शिकली. नसलेला दात असल्यासारखा बसवणं हाच तिचा धंदा. पण इतकी घट्ट बसलेली कवळी तिच्या हातून पुन्हा झाली नाही. खरा शेवट मात्र तिलाही ठाऊक नव्हता.

थिएटरात छोट्या प्रत्येक संवाद नटांच्या आधी म्हणत होता. पुढच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. घरच्या टीव्हीवर साबणाच्या वडीएवढा दिसणारा रोबो इथे भिंतभर उभा होता.

"ताई, बघ! छातीवर चक्क लिफ्टचं पॅनल लावलंय!"

ताईचं लक्ष कुठलं असायला? यानाचं दार लागलं. मामा आला नाही. रोबो अंधारात उभा राहिला, त्याच्या डोळ्यातला दिवा मंद झाला, विझला. पडद्यावर नावं सरकू लागली.

"अहो!" छोट्या ताडकन उठला. "पुढचं कापलंय!"

तो तडक मॅनेजरकडे गेला, मागोमाग ताई.

"साहेब, मशीन पुन्हा लावा. टकटक राहिली."

"कसली टकटक? पिक्चर एवढाच आहे."

"मला सांगताय? लहानपणापासून ओळखतो मी त्याला! ताई, तू सांग यांना. तू पाहिलंयस ना?"

अजून एक थाप मारणं ताईला जड नव्हतं. पण छोट्या बाह्या सरसावत होता आणि त्या बिचाऱ्या मॅनेजरची काही चूक नव्हती.

"मी नाही पाहिलं," ती म्हणाली. "मनाचं सांगितलं होतं. तू रडायचा थांबत नव्हतास रे."

छोट्याने बाह्या खाली केल्या. परतीच्या वाटेवर तो ताईच्या दोन पावलं पुढेच चालत राहिला. तिच्या दारापर्यंत आला, "येतो" म्हणाला आणि लिफ्ट समोर असताना जिन्याने उतरला.

ताई चपलांसकट खुर्चीत बसली. तिला फार वाईट वाटलं. भावाचा रोबो इतकी वर्षं तिनेच जगवला होता आणि आज तिनेच मारला. आता हा बेल वाजवून येणार, परक्यासारखा. किंवा येणारच नाही.

दारावर टकटक झाली. तीनदा.

ती धावली. दारात छोट्या दोन्ही हात कोपरात वाकवून, ताठ उभा होता. जिने चढून घामाघूम झालेला, डोळे लाल.

"उशीर... झाला," तो रोबोच्या आवाजात म्हणाला. "लांबून... चालत... आलो."

ताईने दार सताड उघडलं.