बिअरवर घेतलेलं नाव

जुंबेरची आणि त्याच्या रांजणाची ताटातूट केली ती रशियनांच्या काटेरी तारेने. घर अलीकडे, द्राक्षाचा मांडव पलीकडे. मधे हिरवी पाटी: सरहद्द. कुणाची, कुणी आखली, विचारायची सोय नाही. ज्याच्याकडे रणगाडा त्याच्याकडे नकाशा.

रांजण मांडवाखाली गळ्यापर्यंत पुरलेला. मुलगा लेवान जन्मला त्या वर्षी जुंबेरने तो वाइनने भरला, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपला. उघडायचा तो लेवानच्या लग्नात. आता लग्न येत्या रविवारी, आणि पुरलेला रांजण म्हणजे काही शेळी नव्हे, दावं धरून अलीकडे ओढायला.

"दुकानातली आणू की, बाबा," लेवान म्हणाला.

"दुकानात जन्मला होतास का तू?" असं म्हणून जुंबेर भर दुपारी, पहारेकरी जेवायला बसल्यावर, कॅन घेऊन तारेखालून सरपटत गेला. माती खरवडली, दगड सरकवला. वास नाकात शिरतोय तोच मानेवर बंदुकीची नळी टेकली.

नळीमागे अख्सार. शेजारच्या, ओसेत जमातीच्या गावातला. लहानपणी लेवानबरोबर याच मांडवातली द्राक्षं चोरून खाल्लेला. आता रशियनांचा पहारेकरी आणि दुभाषा.

"काका, मरायला आलात का?"

"मी माझ्या घरी आलोय. तू कुठे आलायस?"

तेवढ्यात रशियन चौकीचा कॅप्टन ओरेखोव तोंड पुसत आला. ओरडला नाही. ओरडणारा परवडतो.

"चोरून कशाला, बाबा? मागायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?"

आपलीच वाइन आपणच मागायची! जुंबेर म्हणाला, "साहेब, एवढा अफाट तुमचा देश. एका टोकाला उजाडतं तेव्हा दुसऱ्या टोकाला दिवे लागतात. माझ्या चार वेलींनी त्यात काय भर पडणार?"

"वेली घाल चुलीत!" कॅप्टनचा चेहरा खरंच दुखावल्यासारखा झाला. "माझे आजोबा दर उन्हाळ्यात इकडे यायचे. जेवणावळी उठायच्या, तुम्ही गात गात गळ्यात पडायचात. आणि आता? आमची भाषा कानावर पडली की तुमची पोरं तोंड फिरवतात. आमच्यावाचून तुमचं झकास चाललंय, हे दाखवता होय आम्हाला?"

"म्हणून तार?"

"प्रेमाने राहिला असतात तर तार कशाला लागली असती?"

बायको माहेरी निघून गेली म्हणून सासऱ्याचं घर पेटवणारा नवरा असतो ना, तो हेच बोलतो. काडी ओढताना त्याच्याही डोळ्यांत पाणी असतं.

कॅप्टनने चौकीतून डिझेलचा डबा मागवून रांजणाच्या काठावर ठेवला. "माझ्या देशाच्या नावाने पेला उचल. तोंडदेखला नको, मनापासून. मग कॅन भर आणि जा. नाहीतर हे आत ओततो."

मातीचा रांजण. एकदा डिझेल प्याला की जन्माचा बाटला.

"उचलतो," जुंबेर म्हणाला. "पण लग्नाआधी ही वाइन तोंडाला लावणं आमच्यात अशुभ. बिअर आहे?"

अख्सारने चमकून वर पाहिलं.

बिअर आली. साऱ्या खोऱ्यात मेजवानीचा पहिला पेला जुंबेरचाच असे, आणि आज तो जीव ओतून बोलला. तुमच्या नद्या अशाच वाहोत, तुमच्या आयांना आमची आठवण राहो, तुम्ही आम्हाला जे दिलंत ते देव तुम्हाला दसपटीने परत देवो. एका घोटात पेला रिकामा केला. कॅप्टनचे डोळे भरून आले. त्याने म्हाताऱ्याला कवटाळलं.

"भर, बाबा, भर कॅन!" मग अख्सारच्या पाठीत धपका घातला. "शीक काहीतरी. तुम्ही ओसेत नुसते रेड्यासारखे ढोसता, तोंडातून शब्द फुटत नाही."

अख्सारचे कान लाल झाले. तो गप्प राहू शकला असता.

"साहेब," तो म्हणाला, "या लोकांत बिअरवर फक्त वैऱ्याचं नाव घेतात."

कॅप्टनने हात उगारला नाही. डबा उचलला आणि स्वतः ओतला, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. "का रे?" तो रडत विचारत होता. "आम्ही तुमचं काय वाकडं केलं?"

जुंबेरला चौकीच्या खोपटात कोंडलं. रविवारी तारेपलीकडून गाणी ऐकू आली. त्याने फळीच्या फटीला डोळा लावला. लेवान लग्नाच्या कपड्यांत तारेला चिकटून उभा होता, तोंड चौकीकडे, हातात बिअरचा डबा. उंच धरलेला.

"कुणाच्या नावाने चाललंय?" बाहेर कॅप्टनने विचारलं.

अख्सारने दुर्बीण लावली. "आपल्या, साहेब."

"कशावर?"

दुर्बीण खाली आली. अख्सारने खोपटाच्या कुलपाकडे पाहिलं. साहेब खूश झाला तर काका सुटेल, असं त्या गाढवाला वाटलं असावं.

"वाइनवर, साहेब. लाल."

"बघ!" कॅप्टन उजळला. "म्हटलं नव्हतं? मनाने आपलेच आहेत!" डोळे पुसत तो जरा वेळ गाणं ऐकत राहिला. "मग आपल्याच माणसांना तारेपलीकडे का ठेवायचं? उद्या तारेचे खांब त्यांच्या गावातल्या चर्चच्या पुढे रोवा."

"आणि म्हातारा? सोडायचा?"

"उद्या सोडू. तोवर त्याचं घर इकडेच येईल."