झाकणांचा आवाज

त्या शनिवारी मैदान दगडासारखं गोठलं होतं. फुटबॉलचा सामना रद्द झाला आणि आमच्या गावातले पुरुष लेव्हन नदीच्या पुलाशी नुसतेच उभे राहिले. लॅकलन बुकॅनन मात्र घरी होता. संघातला सर्वांत चपळ गडी, पण त्या दुपारी तो खाटेशेजारी बसून आपल्या लहानग्या मुलीचा श्वास ऐकत होता.

जेसीचा श्वास आत जाताना करवतीसारखा आवाज येई आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाई. मारियनने, तिच्या आईने, सकाळी चमच्याने जीभ दाबून पाहिलं होतं. घशात राखाडी पापुद्रा धरला होता. घटसर्प हा शब्द न उच्चारता तिने दार लावून घेतलं. तो शब्द बाहेर गेला असता, तर साथीच्या भीतीने रंगाच्या कारखान्यात लॅकलनला कामासाठीही कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं. डॉक्टरांकडे निरोप दूधवाल्याबरोबर गेला होता.

“अजून कसे आले नाहीत?” मारियन म्हणाली.

तेवढ्यात बाहेर एक झाकण वाजलं. मग दुसरं. मग सगळ्या गल्लीत बायका पातेल्यांवर झाकणं आपटू लागल्या.

या आवाजाचा गावात एकच अर्थ होता: इंग्लंडच्या क्लबचा दलाल आला. अशाच दलालांनी गेल्या वर्षी संघातले चांगले गडी पळवले होते. पैसे घेऊन खेळायला आमच्याकडे बंदी. जो गेला त्याचं नाव त्याच्या आईसमोरसुद्धा कुणी घेत नसे. आणि लॅकलनने मारियनलाही न सांगता इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या क्लबला निरोप धाडला होता. भेट मंगळवारी ठरली होती, शेजारच्या डंबार्टनच्या खानावळीत. तो माणूस आजच आला की काय? इथे? आता लोक त्याला बडवतील, आणि तो लॅकलनचं नाव सांगेल.

“जाऊन बघ ना, डॉक्टर कुठे अडकलेत ते.”

“येतील.”

“लॅकलन, तिचे ओठ बघ.”

त्याने पाहिले. तरीही तो उठला नाही. बाहेर पावलं धावत होती.

दार ढकलून शेजारची मिसेस गॅल्ब्रेथ आत डोकावली, झाकण अजून हातातच. “पकडला गं एकाला! आणि मेल्याचं धाडस बघ, थेट तुमचंच घर विचारत होता. हातात काळी पिशवी. म्हणे, मी डॉक्टर! आपल्या डॉक्टरांना काय आम्ही ओळखत नाही? आता पाजताहेत त्याला नदीचं—” तिची नजर खाटेकडे गेली आणि झाकण हळूच खाली आलं.

लॅकलन तिला बाजूला सारून धावला.

पुलाशी पाणी कारखान्याच्या रंगाने लाल होतं. काठावरचा बर्फही लाल. काखेत दोर बांधलेला एक कोवळा माणूस पाण्यातून वर ओढला जात होता. दोर संघाचा कप्तान ड्यूगल्डच्या हातात होता. त्याचे हात रंगाने कोपरापर्यंत कायमचे लाल झालेले.

“या, या बुकॅननसाहेब! तुमचाच पाहुणा. चहाआधी जरा आंघोळ घालतोय.”

लोक हसले.

“सोड त्याला. तो डॉक्टर आहे. जेसीला घटसर्प झालाय.”

हसणं थांबलं. ड्यूगल्डने त्याच्याकडे नीट पाहिलं. “म्हातारे डॉक्टर कुठायत मग?”

“प-पाय मोडलाय त्यांचा,” दोरावरचा माणूस म्हणाला. “मी पेटिग्रू. त्यांनीच पाठवलं.”

“पिशवीत बघा ना, डॉक्टरी हत्यारं असतील,” लॅकलन म्हणाला.

“बघितली. गेल्या वर्षीच्या दलालाकडे पेटीभर बायबलं होती, खरीखुरी. दुसरा एक तर आमच्याबरोबर प्रार्थनेलाही बसला आणि जाताना आमचा गोलकीपर घेऊन गेला.” ड्यूगल्डने दोर पुन्हा सैल केला. “पोरीच्या आजाराचं खोटं तरी बोलू नकोस, लॅकलन. जीभ झडेल.”

पेटिग्रूचे पाय पाण्यात गेले. लॅकलनला वाटलं, इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, तरीही आपल्याला ती करवत ऐकू येतेय. मग वाटलं, ती थांबलीय.

“हा तो नाही,” तो ओरडला. “तो मंगळवारी येणार आहे. डंबार्टनला. मला माहीत आहे, कारण मीच बोलावलंय त्याला.”

पुलावरचे लोक ड्यूगल्डकडे वळले.

“पुन्हा बोल,” ड्यूगल्ड म्हणाला.

लॅकलन पुन्हा बोलला. ड्यूगल्डने डॉक्टरला वर ओढलं, दोर सोडला आणि पिशवी स्वतः उचलली.

स्वयंपाकाच्या टेबलावर जेसीला निजवलं, तेव्हा ती जवळजवळ शांत झाली होती. तेच सर्वांत वाईट होतं. पेटिग्रूचे हात थंडीने इतके थरथरत होते की सुरी धरता येईना. मारियनने ते किटलीतल्या कोमट पाण्यात बुडवून आपल्या हातांत दाबून धरले.

“डोकं मागे धरा,” तो लॅकलनला म्हणाला. “आणि दिवा हलता कामा नये.”

दिवा ड्यूगल्डने धरला. लाल हात तसूभरही हलले नाहीत. सुरी गळ्याच्या मधोमध उतरली, काळं रक्त आलं आणि पाठोपाठ चांदीची छोटी नळी आत गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग नळीतून हवा शिरली, फेस उडाला आणि छाती वर आली.

ड्यूगल्डने दिवा ठेवला. “शर्ट दे.”

मारियनने घडी केलेला संघाचा शर्ट आणून दिला.

“नळी निघेपर्यंत गावात राहा,” दारातून तो लॅकलनला म्हणाला. “तोवर तुला कुणी हात लावणार नाही.”

दार लागल्यावर मारियनने विचारलं, “मंगळवारी मला काय सांगून जाणार होतास?”

लॅकलनने दिवा उचलून जेसीजवळ ठेवला.

मंगळवारी लॅकलन डंबार्टनला गेला नाही. नळीत सारखा चिकटा साचे. तो कोंबडीच्या पिसाने काढावा लागे, आणि उशीर झाला की पोरगी डोळे मोठे करून हात झाडू लागे. दलाल वाट बघून परत गेला असेल. नळीमुळे जेसीला आवाज नव्हता. रडताना फक्त तोंड उघडे. लॅकलन रात्रंदिवस नळी ऐकत राहिला. पाण्याला गेला की नळावरची माणसं बाजूला होत, बोलत नसत. पण झाकणं गप्प होती.

एका सकाळी पेटिग्रूने नळी काढली, भोकावर बोट ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि पट्टी बांधली. “झालं,” तो म्हणाला आणि आपली पिशवी घेऊन गेला. गल्लीने त्याला जाताना पाहिलं.

समोरच्या घरात एक झाकण वाजलं.

मारियनने खुंटीवरची शाल काढली. आणखी एक वाजलं, मग मिसेस गॅल्ब्रेथचं, अगदी भिंतीला लागून. लॅकलनने भरून ठेवलेली ट्रंक एका खांद्यावर घेतली, जेसीला दुसऱ्यावर. स्टेशनपर्यंतच्या प्रत्येक दारात एक बाई होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. नुसती झाकणं. पुलाशी ड्यूगल्ड पाठ करून उभा होता.

त्या गोंगाटाला घाबरून जेसीने तोंड उघडलं. लॅकलनला काहीच ऐकू आलं नाही. तो भर रस्त्यात थांबला आणि त्याने तिच्या तोंडाला कान लावला.

घोगरा, फाटका, पण आवाज होता.

“रडतेय,” तो मारियनला म्हणाला. “चल.”