पालथी बादली

"दिना, डोकं घरी इसरून आलास काय रे?"

चौथा गोल बसला तसा पुंडलिक पालथ्या बादलीवरून अर्धा उठला, ही आरोळी ठोकली आणि पुन्हा बसला. पालघरच्या माहीमला, सुरूच्या बागेलगतच्या त्या मैदानावर कुणीही वळून पाहिलं नाही. पंचांनी शिट्टी फुंकावी, दर्याने गाजावं आणि पुंडलिकने दिनानाथला बोलावं, हे तिन्ही आवाज तिथे सारख्याच मानाचे होते.

नागवेल फुटबॉल क्लब तालुका लीगमध्ये तळाला होता. तळाच्या खाली काही नसल्यामुळे तिथे त्याचं बस्तान चांगलं बसलं होतं. दिनानाथ त्याचा मॅनेजर. धंद्याने पानवाडीवाला, विड्याच्या पानांची वाडी पिकवणारा; तरुणपणी खेळला तो व्हॉलीबॉल. फुटबॉलविषयी त्याचे तीन सिद्धांत होते. ज्याची आई सामना बघायला आली असेल त्याला खेळवायचं. गोलात शैलेशला उभं करायचं, कारण तो नुसता आडवा पडला तरी अर्धा गोल भरतो. आणि मध्यंतराला पोरांना सुकेळी द्यायची. ती सुकलेली गोड केळी खाऊन दुसऱ्या हाफमध्ये संघावर अशी काही सुस्ती चढे, की प्रतिस्पर्धीसुद्धा आवाज न करता गोल मारत.

त्या रविवारी समोर सालवडच्या कामगारांचा संघ होता. त्यांचा एक समर्थक पुंडलिकजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "चाचा, गाली जितना देना है दो, पर मैनेजर मत बदलना. वो हमारा भी मैनेजर है."

पुंडलिक तारापूरच्या एका रंगाच्या कंपनीतून निवृत्त झालेला. नोकरी संपेपर्यंत तो साहेबांना 'हो सर' म्हणत आला. सुपरवायझरची बढती दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा त्याच्या पोटात ऐनवेळी कळ आली. आठवडाभर साहेबाला जे बोलायचं राहून जाई, ते तो रविवारी दिनानाथला बोले. साहेब सुटले, पण रविवार सुटला नाही.

सामना संपला. दिनानाथ नेहमीसारखा आला, कमरेच्या पिशवीतून पान काढलं, चुना लावला, सुपारी घातली आणि विडा पुढे केला.

"घे. ओरडून घसा सुकला असंल."

पुंडलिकने न बघता हात पुढे केला आणि विडा तोंडात टाकला. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात डोक्याचा काही संबंध उरला नव्हता.

"ऊठ आता. बादली दे."

पुंडलिक उठला. शिव्यांचा राग म्हणून हा बसायची बादली काढून नेतो, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि राग येणारच, असं म्हणून तो माफही करी.

त्याच संध्याकाळी क्लबाच्या पडवीत बैठक ठरली. विषय एकच, दिनानाथला ठेवायचं की काढायचं. पुंडलिक घरातून निघाला तेव्हा त्याची बायको नर्मदाबाई तांदूळ निवडत होती.

"अवो, दिनाभावजींना काढू नका हां."

"का? मी तर सगळ्यांच्या आधीपासून सांगतो हाय, काढा म्हणून."

"सांगा की. पन काढू नका. ते गेले की तुमी ओरडाल कोनावर? घरात मी एकटीच हाय."

पुंडलिकने चपला घातल्या. वाटेत मात्र त्याच्या लक्षात आलं की बाईच्या बोलण्यात मुद्दा आहे. नवा मॅनेजर आला, संघ जिंकायला लागला, तर रविवारी चार ते सहा आपण करायचं काय? टाळ्या वाजवायच्या? त्याचे हात त्या कामाला वळलेले नव्हते.

पडवीत दिनानाथ सगळ्यांच्या आधी आला होता. त्यानेच चटया अंथरल्या, त्यानेच चहा सांगितला, आणि आता तो पितळी तबकात विडा लावत बसला होता. हा क्लब पानवाडीवाल्यांनी काढलेला. तिथे नेमणुकीचा कागद नसे. तबकात विडा ठेवायचा; जो उचलून खाईल तो मॅनेजर. उचलला की माघार नाही. दिनानाथने तो कधी काळी असाच उचलला होता. आज आपल्या जागी येणाऱ्यासाठी तो आपल्याच वाडीतलं कोवळं पान पुसत होता, आणि शीर काढताना हात जराही हलत नव्हता.

कप्तान दर्पण उभा राहिला. बोईसरच्या कारखान्यात लॅबमध्ये होता, म्हणून शास्त्रोक्त बोले. "काका, राग मानू नका. पन आता सिस्टीम पायजे. डेटा पायजे."

"काय पायजे?" दिनानाथने विचारलं.

"आकडेवारी."

"ती हाय की. सगले सामने हरलो. अजून कशी पायजे?"

पडवी हसली. दर्पण हसला नाही. "तुमी माझ्या जागी भावेशला खेलवलं, का तर त्याची आई बोरिवलीहून आलेली!"

"बाई एवढ्या लांबून आली, तिला काय तुजी पाठ दाखवू?"

वसईच्या एका कोचला विचारून झालं होतं. त्याने गुणतक्ता ऐकून फोन ठेवला होता. म्हणजे कुणीतरी घरचाच लागणार. दर्पणने तबक मधोमध सरकवलं. "ज्याला वाटतं आपन करू शकतो, त्याने उचला."

इतका वेळ सगळ्यांना सगळं कळत होतं. आता शैलेशला आठवलं की त्याची पुढच्या महिन्यात नाइट शिफ्ट आहे. भावेशचं दुकान रविवारीच चालतं. खुद्द दर्पणला वाटलं की कप्तानाने दोन पदं अडवणं बरं दिसत नाही. तबक ज्याच्यापुढे जाई तो असा मागे सरके, जणू त्यात विंचू ठेवलाय. फिरत फिरत ते पुंडलिकपुढे आलं.

"तुमी बोला, काका," दर्पण म्हणाला. "तुमीच सगल्यात जास्त ओरडता. ठेवायचं की काढायचं?"

पुंडलिक उठला. जन्मात पहिल्यांदा त्याचं मत कुणी विचारत होतं. "बगा," तो म्हणाला, "दिना गाढव हाय. यात वाद नाय. पन गाढव..." पुढचं त्याला सुचेना. काढा म्हणावं तर रविवार जातो, ठेवा म्हणावं तर अख्खा जन्म खोटा पडतो. समोर दिनानाथ शांत बसला होता आणि त्याच्याकडेच बघत होता, सामना संपल्यावर बघे तसा. पुंडलिकचा घसा सुकला. त्याने न बघता हात खाली नेला, विडा उचलला आणि तोंडात टाकला.

दर्पणने रिकामं तबक उचलून पाहिलं.

"अरे," दिनानाथ हळूच म्हणाला, "तो नेहमीचा विडा नवता."

पुंडलिकच्या पोटात कळ आली. पण यावेळी उशिरा आली.

पुढच्या रविवारी घिवलीशी सामना होता. पुंडलिक रेषेवर उभा राहिला आणि पालथ्या बादलीवर दिनानाथ बसला. पहिला गोल झाला. पुंडलिकने खांदे आवळले आणि वाट पाहिली. मागून काही आलं नाही. दुसरा झाला. सुरूंचा आवाज तेवढा येत होता. तिसऱ्याला त्याच्याच्याने राहवेना, तो तरातरा बादलीपाशी गेला.

"काय तरी बोल ना."

"काय बोलू? पोरं दमली. तुजं काय चुकलं?"

"चुकलं नाय कसं? शैलेश गोलात झोपलाय! तुज्या जागी असतो तर मी बोललो असतो!"

"तुला जमतं रे ते," दिनानाथ म्हणाला. "मला नाय येत."

पुंडलिक परत रेषेवर गेला. मैदान एवढं मोठं आहे हे त्याला आजच दिसलं.

सामना संपला. पोरांनी चिखलाने माखलेल्या जर्सी काढून रेषेवर टाकल्या आणि गेली. दिनानाथ बादलीवरून उठला, बादली सुलटी केली आणि एकेक जर्सी उचलून तिच्यात टाकू लागला.

"हे काय?"

"धुवायला नको? मॅनेजरचं काम हाय ते. आता तुजं." तो जरा थांबला. "चल, दाखवतो. निळा रंग जातो, गरम पानी नाय घालायचं."

पुंडलिक बादलीकडे बघत राहिला. मग त्याने कडीची एक बाजू धरली.

वाडीतल्या विहिरीपाशी दोघांनी जर्सी धुतल्या. पानवेलींच्या सावलीत दिवस कलला होता. शैलेशची जर्सी एकट्याच्याने पिळवेना, एवढी ती मोठी. एक टोक दिनानाथने धरलं, एक पुंडलिकने, आणि दोघांनी उलट्या दिशांनी पीळ घातला. पाणी दोघांच्या पायांवर पडलं.

"पुंड्या," दिनानाथ खाली बघत म्हणाला. त्याने घसा साफ केला. "गाढवा... डावीकडे खेलायला कोनी होता काय तुजा?"

आवाज इतका लहान होता की शेजारच्या वेलीलाही ऐकू गेला नसता.

"जोरात बोल," पुंडलिक म्हणाला आणि आपलं टोक आणखी घट्ट धरलं.