पिकवलेला मोतीबिंदू

सय्यद बदवी या संतांच्या मौलिदचा, म्हणजे जन्मोत्सवाचा, आठवडा होता. या दिवसांत इजिप्तमधल्या तांता शहरात खिडकी उघडी ठेवली की मशिदीच्या अंगणातल्या शेखांचं गाणं घरात आलंच म्हणून समजा. पैगंबरांच्या स्तुतीचा एकेक चरण गल्लीबोळांतून फिरतो आणि घर असो, दुकान असो, आत येऊन बसतो. डॉक्टर रिफअतनी मात्र आपल्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. त्यांच्या टेबलावरची शस्त्रक्रिया आज अलेक्झांड्रियातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मोठ्या पडद्यावर थेट दिसणार होती. देशोदेशीचे सर्जन तिथं बसले होते.

टेबलावर हज करून आलेल्या हाज्जा नफीसा होत्या. या बाई काही पहिल्यांदा आल्या नव्हत्या. रमजानची ईद झाली आणि लगेच बहिणीचा, रुहिय्याचा हात धरून त्या दवाखान्याची पायरी चढल्या होत्या. रुहिय्याला दम लागत होता, पाय सुजलेले होते.

"माझे डोळे लवकर कर रे लेकरा," नफीसा तेव्हा म्हणाल्या होत्या. "हिचं काही खरं नाही. मला हिचं तोंड नीट दिसत नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, साधे, सरळ निघणारे. पण त्याच आठवड्यात परिषदेचं बोलावणं आलं होतं: अवघड, दगडासारखा मोतीबिंदू काढून दाखवा. साधा कुणीही काढतो! डॉक्टरांनी दिव्याखाली त्यांचा एक डोळा पुन्हा एकदा न्याहाळला होता आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "हाज्जा, अजून पिकला नाही. हिवाळ्याच्या तोंडाला करू."

मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस कधीच सरलेत, हे डॉक्टरांना माहीत होतं. नफीसांना कसं असणार? त्यांच्या आजीपासून सगळे हेच सांगत आलेले. त्यांना पटलं. उन्हाळ्यात रुहिय्या गेली.

आणि आता तो डोळा खरोखरच तपकिरी, टणक झाला होता. डॉक्टरांच्या कॉलरला माइक होता. डोळा बधिर, पण बाई जाग्या. हलू नये म्हणून हिरव्या कापडाखाली त्या हळू आवाजात मौलिदचंच एक गाणं गुणगुणत होत्या. ते थेट अलेक्झांड्रियात ऐकू जात होतं.

पडद्यापलीकडून एका पोर्तुगीज प्राध्यापकांनी इंग्रजीत विचारलं, "इतका दगड होईपर्यंत या बाई आल्या का नाहीत?"

"आमच्याकडे माणसं उशिराच येतात," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. "गरिबी, अडाणीपणा. काय करणार!"

कापडाखालून आवाज आला, "काय विचारतोय रे तो पाहुणा?"

"तुमची तब्येत विचारतात, हाज्जा."

"सांग, अल्लाची कृपा आहे. आणि म्हणावं, माझा डॉक्टर मला पोटच्या पोरासारखा. फक्त त्याच्याकडे चहा मिळत नाही."

तिकडच्यांनी बाई काय म्हणाल्या ते विचारलं. डॉक्टरांना सांगावं लागलं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. डॉक्टरांचा हात शेवटपर्यंत स्थिर राहिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. डॉक्टरांना लगेच अलेक्झांड्रियाला निघायचं होतं. समारोपात त्यांच्या दवाखान्याचा सन्मान व्हायचा होता.

नफीसांनी डोळा मिचकावला, डॉक्टरांकडे टक लावून पाहिलं. "अगं बाई! एवढासाच का तू? आवाजावरून मला वाटलं, पैलवान असशील."

परिचारिका इब्तिसाम हसली. नफीसांनी मांडीवरची पुडी चाचपली. मौलिदचे साखरेत घोळलेले हरभरे डॉक्टरांसाठी आणले होते. मग त्यांनी झग्याच्या खिशातून एक फोटो काढला आणि डोळ्याजवळ धरला.

"ही तरुणपणीची रुहिय्या. शेवटचं तिचं तोंड मी हातानंच बघितलं. कपाळ गार होतं." त्यांनी फोटो पुसला. "तुझा काय दोष रे त्यात? फळच पिकलं नव्हतं."

इब्तिसामनं मघाशी खिडकी उघडली होती. शेख गात होते: *तू झाकशील दार लावून, तो तर आतच बसला आहे.*

लहानपणी आईच्या कुशीत बसून डॉक्टरांनी हा चरण कितीदा ऐकला असेल. ते बुटक्या स्टुलावर बसले.

"हाज्जा, ते पिकायची गरज नव्हती. मी त्याच आठवड्यात करू शकलो असतो. परिषदेत दाखवायला मला टणक हवा होता. म्हणून तुम्हाला थांबवलं."

 नफीसांनी हरभऱ्यांची पुडी उचलून पिशवीत परत ठेवली.

"ही मी आता घरी नेते."

"मला माफ करा."

"माझं माझ्यापाशी. रुहिय्याची माफी तू कुठून आणणार?" त्यांनी मान वर केली. "काल त्या पाहुण्यानं खरं काय विचारलं होतं?"

डॉक्टरांनी सांगितलं. आपण दिलेलं उत्तरही सांगितलं.

"म्हणजे मी अडाणी, म्हणून उशिरा आले. जगभरच्या लोकांसमोर."

"हो."

"आज पुन्हा जातोयस ना त्यांच्यात? मग त्यांच्याच भाषेत सांग, नफीसा वेळेवर आली होती."

"हाज्जा, माझं नाव जाईल."

"माझं तू काल घालवलंस, मला न विचारता." त्या उठल्या, इब्तिसामचा हात न धरता दारापर्यंत चालत गेल्या. "दुसरा डोळा तूच करायचास. हात चांगला आहे मेल्याचा. पण माइक नको. बघायला वरचा एकटा पुरे."

संध्याकाळी सभागृहात डॉक्टर रिफअत यांचं नाव पुकारलं गेलं. सन्मानचिन्ह घेण्याआधी त्यांनी कालची चित्रफीत पुन्हा लावायची विनंती केली. पडद्यावर तो तपकिरी डोळा आला आणि नफीसांचं गुणगुणणं सभागृहभर पसरलं. ओळखीचं हसू उमटलं. डॉक्टरांनी तो चरण संपू दिला.

"या बाई वेळेवर आल्या होत्या," ते म्हणाले. "उशीर मी केला. या पडद्यासाठी."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.